ताटलीची ये-जा

जर्मनीत गेल्यावर पहिला महिनाभर माझ्याशी कोणी जर्मन बोललंच नाही. तक्रार म्हणून नाही सांगत, जे झालं ते सांगतोय. बेकरीत जायचं, घरून घोकून आणलेलं वाक्य म्हणायचं, "ते बिया लावलेले पाव द्या, दोन," आणि काउंटरपलीकडची मुलगी गोड हसून इंग्लिशमध्ये विचारायची, अजून काही हवंय का. बसमध्ये तेच, बँकेत तेच. मी तोंड उघडायचा अवकाश, समोरचा माणूस इंग्लिशवर. मी पुन्हा जर्मन, तो पुन्हा इंग्लिश. शेवटी मीच "थँक यू" म्हणून पाव घेऊन बाहेर पडायचो.

राग यायचा. पण रागावणार कोणत्या तोंडानं? हेच मी जन्मभर केलेलं. मीरा-भाईंदरला वाढलेला मराठी माणूस समोरच्याचा चेहरा बघूनच हिंदी सुरू करतो. आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याशी मी कित्येक वर्षं "भैया, मेथी कैसे दी" करत होतो आणि तोही "ले लो साब, ताजी है" करत होता. एक दिवस त्याचा फोन वाजला, आणि तो आपल्या आईशी अस्सल साताऱ्याच्या मराठीत बोलायला लागला. फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं, जरा थांबला आणि म्हणाला, "हां, कितनी दूँ?" कळलं दोघांनाही होतं. पण एवढ्या वर्षांची चालू गाडी थांबवणार कोण. समोरच्याला त्रास नको म्हणून आपण भाषा बदलतो. ज्याच्यासाठी बदलतो त्याला कसं वाटतं, ते मला जर्मन बेकरीत कळलं.

एरवी हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण मला जर्मन यायलाच हवं होतं. मी वर्षभरासाठी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून गेलो होतो. पर्यावरणशास्त्राच्या मास्टर्सचं दुसरं वर्ष तिथल्या विद्यापीठात करायचं, असा दोन्हीकडचा करार. पहिल्या सहामाहीत लेक्चर्स इंग्लिशमध्ये. दुसऱ्या सहामाहीत तिथल्या सांडपाणी केंद्रात प्रत्यक्ष काम, आणि तिथले कामगार काही माझ्यासाठी इंग्लिश बोलणार नव्हते. म्हणून अट अशी, की फेब्रुवारीत जर्मनची परीक्षा द्यायची, लेखी आणि तोंडी. पास झालात तर राहा. नापास झालात तर सहा महिन्यांतच बॅग भरा.

घरी परत जायला माझी ना नव्हती. पण घरी बॅनर लागला होता.

आमचं गाव भाईंदर पश्चिमेला, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आजोबा मिठागरात राबले. मिठागरं गेली, तसा बाबांनी टेम्पो घेतला आणि रेती-विटा पोचवायला लागले. बेव्हर्ली पार्कमधल्या अर्ध्या इमारती आपल्या रेतीवर उभ्या आहेत, असं ते सांगतात, आणि ते सांगताना उरलेल्या अर्ध्यांकडे जरा संशयानंच बघतात. या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी मान वर करूनच सांगतो, कारण ती कोणी मला फुकट दिलेली नाही. आणि आमच्या गावात वाढदिवसाला बॅनर लागतो, तिथं जर्मनीला नाही लागणार? बाबांच्या मित्रांनी नाक्यावर हा मोठा बॅनर लावला. चुलतभावाच्या लग्नातला माझा ब्लेझर घातलेला फोटो, बाजूला विमान, मागं जर्मनीचा म्हणून बेल्जियमचा झेंडा, आणि खाली मोठ्या अक्षरात, "उच्च शिक्षणासाठी एक वर्ष जर्मनीला रवाना." झेंड्याचं मी कोणाला बोललो नाही. पण ते "एक वर्ष" माझ्या छातीवर बसलं. सहा महिन्यांत परत आलो असतो तर गावात कोणी मला काही म्हटलं नसतं. बाबांना मात्र प्रत्येकानं विचारलं असतं, "काय, पोरगा लवकर आला?"

जर्मन मी इथंच शिकून गेलो होतो, सिल्व्हर पार्कला, मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानावरच्या क्लासात. सर जर्मन हिंदीतून शिकवायचे, उदाहरणं इंग्लिशमधून द्यायचे आणि चिडले की गुजरातीतून ओरडायचे. माणूस चांगला. त्यांच्या कृपेनं मी क्रियापदांचे तक्ते झोपेतही म्हणू शकत होतो. पण तक्ते ऐकायला कोणी थांबत नाही. बोलायला माणूस लागतो, आणि माझी माणसं सगळी इंग्लिशवर गेलेली.

एक सोडून. माझी घरमालकीण.

दोन मजली जुनं घर. वर पोटमाळ्यावर माझी खोली आणि इवलंसं स्वयंपाकघर, खाली त्या एकट्या. सत्तरी ओलांडलेली, उंच, सरळ पाठीची बाई. आयुष्य बटणांच्या कारखान्यात गेलेलं. इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता आणि यायला हवा होता असंही त्यांना वाटत नव्हतं. म्हणजे मला हवा तसाच माणूस. फक्त त्या बोलतच नसत. जिन्यात भेटल्या तर "गुटन मॉर्गन," की संपलं. पहिल्या आठवड्यात एवढंच सांगितलं होतं, की रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. मी म्हटलं, बरं. मग कित्येक दिवस आमच्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही. माझ्या आईला बाहेरच्या पायरीवर मांजर दिसलं तरी ती शेजारणीशी तासभर बोलू शकते. इथं घरात दोन माणसं आणि दोघंही मुकी.

सप्टेंबरच्या शेवटी एकदा दार वाजलं. बाई उभ्या. हातात निळ्या काठाची पांढरी ताटली, तीवर आलुबुखारासारख्या फळाचा केक. "बागेतली फळं आहेत, जास्त झाली," म्हणाल्या आणि गेल्या. मी उभ्याउभ्याच केक संपवला. ताटली धुतली, पुसली, आणि तिथंच अडलो.

भरलेली आलेली ताटली रिकामी परत कशी करायची? आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. शेजारून वाटी आली की जाताना तिच्यात काहीतरी गेलंच पाहिजे. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"रिकामी न्हाय द्यायची," ती म्हणाली.

"ते माहितीये गं. पण देऊ काय? मला काही येतं का करायला?"

"साखर हाय ना? चिमूटभर साखर ठेव. पण रिकामी न्हाय."

"केकच्या बदल्यात साखर देऊ?"

"मग चकल्या कशाला बांधून दिल्यात? एकटा बसून खातोस होय मेल्या?"

चकल्या रचल्या, खाली गेलो, बेल वाजवली. बाईंनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे काय?"

आता उत्तर द्यायला हवं होतं, आणि या बाई इंग्लिशवर जाणार नव्हत्या. तांदूळ, म्हणालो. डाळ. भाजायचं. मग ते बारीक करायचं, त्याला शब्द आठवेना, म्हणून हातानं जातं फिरवून दाखवलं. त्यांनी शब्द सांगितला. मी म्हटला. त्यांनी दुरुस्त केला. मी पुन्हा म्हटला. मग तेलात तळायचं. तळायचं की परतायचं, त्यांनी विचारलं, दोन्ही वेगळं आहे. दारात उभं राहून चकलीचा जन्म सांगेपर्यंत मला घाम फुटला. वर आल्यावर लक्षात आलं, की जर्मनीत आल्यापासूनचं माझं सगळ्यात लांब संभाषण चकलीवर झालं होतं.

चार दिवसांनी बाई पुन्हा दारात. तीच ताटली, तीवर बटाट्याचं सॅलड.

झालं, सुरू झालं. ताटली खाली गेली की भरून वर यायची आणि वर आली की भरून खाली जायची. चकल्या संपल्या, चिवडा संपला, लाडू संपले. आईनं दिलेली पिशवी रिकामी झाली, आणि ज्यानं घरी कधी चहाही केला नव्हता तो मी आता फोन टेबलावर उभा करून घावन घालायला लागलो.

"पीठ सैल हाय," आई फोनमधून म्हणायची. "आताच पलटू नको. नको बोलले ना. बघ, फाटलं. दे तिला तसंच. त्या बाईला काय कळतंय."

"कळतं गं. ती सगळं विचारते."

"तिनं काय दिलेलं?"

"मसूर. आणि त्याच ताटलीत जाड शेवया. आणि वर सॉसेज."

आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "बिचारीला कोणी शिकवलं न्हाय."

प्रत्येक वेळी दारातलं बोलणं लांबत गेलं. हे काय, कसं करतात, कधी खातात, कोण करतं. त्यांचं मी विचारायचो, माझं त्या. बाईंची एक सवय चांगली होती. माझं वाक्य अडलं की ते पूर्ण करून टाकायच्या नाहीत. हात बांधून उभ्या राहायच्या आणि वाट बघायच्या. मला दुसरा रस्ताच नसायचा. नोव्हेंबरात थंडी वाढली तशा म्हणाल्या, "दार उघडं ठेवून बोलू नका, हीटरचा खर्च तुम्ही देणार आहात का? आत या." मग आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बोलायला लागलो. एवढी वयस्कर बाई, पण मला "तुम्ही"च म्हणायची. माझी आई मला मेल्या म्हणते, त्यामुळे सुरुवातीला मागं वळून बघायचो, आणखी कोण आलंय का.

एक झालं मात्र. मी जर्मन शिकलो ते बाईंचं. त्या भागातल्या जुन्या लोकांची बोली वेगळी, लोळवून बोलायची. विद्यापीठाच्या भाषेच्या वर्गात मॅडमनी विचारलं, शनिवार-रविवार काय केलं. मी आपला रुबाबात सांगायला लागलो. वर्गातली मुलं खाली बघून हसायला लागली. मॅडमही हसल्या. "तुम्ही अगदी माझ्या आजीसारखे बोलता," म्हणाल्या.

मला काही लाज वाटली नाही. ज्युनिअर कॉलेजला असताना माझ्या "हाय-न्हाय"ला अशीच मुलं हसली होती, तेव्हा वाटली होती. या वेळी उलट बरं वाटलं. इतक्या लांब येऊन मी बोलायला लागलो तेही गावचंच.

पण मॅडमनी वर्गानंतर थांबवून सरळ सांगितलं. परीक्षेत स्वच्छ, पुस्तकी जर्मन लागेल. आणि विषय असतील वाहतूक, प्रदूषण, मुलांच्या हातात मोबाइल द्यावा की नाही, असे. "तुमचं स्वयंपाकाचं बोलणं उत्तम आहे," म्हणाल्या, "पण तेवढ्यावर पास होता येणार नाही." आणि परीक्षा आता जेमतेम महिन्यावर.

तोपर्यंत बाईंना मी परीक्षेचं काही सांगितलं नव्हतं. नापास झालो तर निदान एक माणूस तरी विचारणारा नसावा, असा हिशेब. त्या दिवशी न राहवून जिन्यात सांगून टाकलं. परीक्षा आहे, नापास झालो तर परत जावं लागेल. बाईंनी ऐकून घेतलं. त्या वेळी ताटली माझ्याकडे होती, तीवरून आलेला सफरचंदाचा केक आदल्या दिवशीच संपलेला. बाई म्हणाल्या, "माझी ताटली रिकामी आणून द्या. आता काही बनवू नका." आणि आत गेल्या. दार लागलं.

मी जिन्यातच उभा.

आमच्या गावात रिकामी ताटली मागत नाहीत. एकदा माझ्या काकूनं आईची पितळेची थाळी रिकामी परत पाठवली होती. झाकून, धुऊन, लखलखीत, रिकामी. दोघी पुढचा गणपती येईपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. रिकामं भांडं म्हणजे, तुमचं आमचं संपलं. आणि इथं तर बाईंनी ती तोंडानं मागून घेतली होती.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. सुके बोंबील. आदल्याच आठवड्यात मला फार घरची आठवण आली, म्हणून आईनं तीन पिशव्यांत गुंडाळून दिलेले बोंबील मी तव्यावर भाजले. वास जिन्यातून खाली गेला. बाहेर बर्फ पडत होता, आणि बाईंनी खालच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्याचा आवाज मी वर बसून ऐकला होता. तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. म्हटलं, मनात ठेवलं असणार. आता परीक्षेचं कळलं, हा जाणारच आहे, मग कशाला संबंध ठेवा.

मलाही राग आला. म्हटलं, ठीक आहे. ताटली भरून न्यायची नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. रिकामी न्यायची नाही, कारण तेवढा मी पडलेला नाही. ताटली फडताळावर ठेवून दिली आणि बाईंना चुकवायला लागलो. बूट हातात घेऊन मोजे घालून जिना उतरायचो. बाई बागेत असल्या की त्या आत जाईपर्यंत खिडकीशी थांबायचो. एकदा त्यांनी खालून हाक मारली तर मी शॉवर सुरू केला. नुसता सुरू केला, आत गेलो नाही. या सगळ्यात एकच वाईट होतं. परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्याशी जर्मन बोलणारा पृथ्वीवरचा एकमेव माणूस मी स्वतःच बंद करून बसलो होतो.

आठवड्याभरानं दुपारी जिना करकरला. बाईंचे गुडघे दुखायचे, एरवी त्या सहज वर येत नसत. धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.

"माझी ताटली कुठंय?"

"आहे."

"रविवारी माझ्याकडे माणसं येणार आहेत. सहाचा सेट आहे, पाचच दिसताहेत. आठवडा झाला मागून."

"देतो. रिकामीच हवी ना?"

"रिकामीच म्हणाले होते."

"मग सरळ सांगा ना, की बोलायचं नाहीये."

बाईंनी डोळे बारीक केले. "कोण म्हणालं बोलायचं नाही?"

"तुम्हीच. रिकामी मागितलीत म्हणजे तेच झालं. माशाचा राग आला असेल तर त्याच दिवशी सांगायचं होतं. मी माफी मागितली असती. खिडक्या उघडल्यात, मी ऐकलं. पण मनात ठेवायचं आणि मग परीक्षेचं ऐकल्यावर ताटली मागायची, हे बरोबर नाही. मी गेलो तर फेब्रुवारीत जाणार आहे. तोपर्यंत या घराचं भाडं मी देतोय, इथंच राहतोय, आणि माणसासारखा राहतोय."

"मासा?" बाई म्हणाल्या. "त्या माशाचा वास माझ्या पडद्यांना अजून आहे. पण तो वेगळा विषय. ताटलीचा माशाशी काय संबंध?"

मग मी सांगितलं. काकूचं, आईचं, पितळेच्या थाळीचं, गणपतीचं. गणपती म्हणजे काय तेही सांगावं लागलं, आणि रागाच्या भरात तेही सांगितलं. भरलेलं भांडं रिकामं देत नाहीत, दिलं तर त्याचा अर्थ काय होतो, सगळं. बाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. माझं संपलं तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या.

"आमच्याकडे ताटली रिकामीच देतात," त्या म्हणाल्या. "धुऊन. आभार मानायचे, विषय संपला. सप्टेंबरात मी तुम्हाला केक दिला कारण फळं सडत होती. तुम्ही ताटली भरून आणलीत. मला वाटलं, हा मुलगा मानी आहे, कोणाचं काही ठेवून घेत नाही. मग तुमच्या चकल्या मी कशा फुकट ठेवून घेणार? म्हणून मी सॅलड दिलं. तुम्ही पुन्हा भरून आणलीत. मी थांबले असते तर तुम्हाला वाटलं असतं, मला आवडलं नाही."

"म्हणजे तुम्हाला नको होतं?"

"चकल्या हव्या होत्या. त्या फाटक्या पोळ्या नसत्या तरी चाललं असतं. आणि माझं वजन वाढलंय, डॉक्टर विचारताहेत काय खाता म्हणून. त्यांना काय सांगू?"

"मग आताच का थांबवलंत?"

"तुमची परीक्षा आहे ना," बाई म्हणाल्या, एखाद्या मंद मुलाला सांगावं तशा. "तुम्ही कांदे चिरत बसणार की अभ्यास करणार?"

मी फडताळावरून ताटली काढली, पुसली आणि त्यांच्या हातात दिली. रिकामी देताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. बाईंनी ती काखेत धरली, जिना उतरायला लागल्या, आणि दोन पायऱ्या उतरून मागं न बघताच म्हणाल्या, "परीक्षेत असंच बोला. फक्त आवाज कमी."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की एवढं सगळं भांडण मी जर्मनमध्ये केलं होतं. एकही तक्ता आठवला नव्हता. शब्द अडला तिथं दुसरा घेतला होता. चुका पोतंभर केल्या असतील, पण भांडणात चुका कोण बघतो. आणि दोघंही शेवटपर्यंत एकमेकांना "तुम्ही" म्हणत होतो. इतकं सभ्य भांडण मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मला दुपारी खाली बोलवायला सुरुवात केली. टेबलावर खायला काही नाही. फक्त रेडिओ. "माझं बोलणं त्या परीक्षावाल्यांना चालणार नाही," त्या म्हणाल्या, "या बातम्या देणाऱ्या माणसासारखं बोला." बातम्या ऐकायच्या, मग त्यांनी विषय काढायचा. मी ज्या बाजूनं बोलेन त्याच्या विरुद्ध बाजू त्यांची. गावात गाड्यांना बंदी हवी, मी म्हटलं, की त्या म्हणायच्या, मग माझ्या गुडघ्यांनी बाजारात कसं जायचं. दुसऱ्या दिवशी मी बंदी नको म्हटलं, तर म्हणाल्या, हवा किती घाण झालीय बघता का, आणि तुम्ही पर्यावरण शिकता म्हणे. मी चिडायचो. चिडलो की बोलता यायचं. बाईंना ते कळलं होतं, आणि त्या मला रोज थोडं चिडवायच्या. कधीकधी मला संशय यायचा, की त्यांना यात परीक्षेपेक्षा जास्त मजा येतेय.

लेखी परीक्षेचं मी फार सांगत नाही. सिल्व्हर पार्कच्या सरांची पुण्याई.

तोंडी परीक्षेला दोघांना एकत्र बसवतात. माझ्याबरोबर व्हिएतनामची एक मुलगी होती, माझ्याइतकीच घाबरलेली. समोर दोन परीक्षक, एक हसऱ्या बाई, एक न हसणारे गृहस्थ. विषय हातात आला. तुमचा सहकारी हॉस्पिटलमध्ये आहे, त्याला भेटायला जायचं दोघांनी मिळून ठरवा.

"आपण फुलं नेऊ या," ती मुलगी म्हणाली.

"फुलांचं तो काय करणार?" मी म्हटलं.

"बघेल. त्याला आनंद होईल."

"आजारी माणसाला भूक लागते. सूप नेऊ."

"हॉस्पिटलमध्ये बाहेरचं चालत नाही."

"विचारलंय कोणी? आधी फोन करून विचारू. ते काम मी करतो, तुम्ही भेटायची वेळ विचारा. आणि आपल्या ऑफिसमधल्या सगळ्यांनी एकदम जायचं नाही, त्याला झोपू द्यायचं की नाही?"

ती मुलगी पण काही कमी नव्हती. सूप सांडलं तर बसमध्ये कोण पुसणार, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, घट्ट झाकणाचा डबा असतो, तुमच्याकडे नसतात का. ती म्हणाली, असतात, पण तुम्ही तो सरळ धराल असं मला वाटत नाही. हसऱ्या बाई तोंडावर हात धरून हसत होत्या. शेवटी सूपही ठरलं आणि फुलंही, फुलं तिनं धरायची. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून बाईंच्या बोलीतला एक शब्द गेला. न हसणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली.

"हे जर्मन कुठं शिकलात?"

"खालच्या मजल्यावर," मी म्हणालो.

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते मला अजून माहीत नाही.

निकाल लागला तेव्हा मी लायब्ररीत होतो. लेखीत कसाबसा निसटलो होतो. तोंडीत चांगले मार्क होते, एवढे चांगले की दोनदा नाव तपासलं, भलत्याचे तर नाहीत. घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"पास झालो."

"म्हणजे पूर्ण वर्ष?"

"पूर्ण वर्ष."

मागं टेम्पोतून विटा उतरवल्याचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "बरं झालं. मी नाहीतरी सगळ्यांना वर्षच सांगत होतो." आणि पुढं कोणाला तरी ओरडले, "अरे हळू टाक, पोरगा पास झालाय तिकडं." त्या दोन गोष्टींचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण ऐकायला फार बरं वाटलं.

घरी पोचलो तर बाई मागच्या अंगणात होत्या. बर्फ वितळून चिखल झालेला, त्यात रबरी बूट घालून उभ्या. मी सांगितलं, पास झालो. त्यांनी हात पुढं केला, हातमोज्यासकट, मी हस्तांदोलन केलं. मिठी वगैरे काही नाही. मग त्यांनी कुंपणाच्या बाजूचा एक तुकडा काठीनं दाखवला.

"म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही इथंच आहात. बटाटे इथं लावायचे. दरवर्षी दोन ओळी लावते, या वर्षी चार होतील. बेणं जास्त मागवलंय."

"कधी मागवलंत?"

"जानेवारीत. उशीर केला की चांगलं मिळत नाही."

जानेवारीत मी बूट हातात घेऊन जिना उतरत होतो, आणि पास होईन असं मलाच वाटत नव्हतं. बाई मात्र तेव्हाच माझ्या वाटच्या दोन ओळी धरून बसल्या होत्या. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्या आधीच कुदळ आणायला निघाल्या होत्या. आणली आणि माझ्या हातात दिली.

"चालवता येते ना?"

"आमचं घराणंच शेतीचं," मी म्हणालो. तसं ते खरं होतं. आजोबांच्याही आधी होतं.

बाईंची पाठ वळल्याबरोबर मी बाबांना पुन्हा फोन लावला आणि हळूच विचारलं, बटाट्यासाठी किती खोल खणायचं.

"मला काय विचारतोस?" बाबा म्हणाले. "मी रेती विकतो."